दौलतरावचा कोंडवाडा

कामरगावच्या स्टँडजवळ दौलतरावचं पंक्चरचं दुकान. दुकान म्हंजे काय, टिनाचं छप्पर, हवेचा पंप, पान्याचं घमेलं न बसाले दोन घासलेले टायर. गिऱ्हाइकापेक्षा बसनारेच जास्त. काहून का दौलतराव बोलाले लागला का टूब पान्यातच राहे न लोक आपली गाडी इसरून जात. चौथी नापास मानूस, पन जबान अशी का ऐकनाऱ्याच्या पाठीवर काटा.

कोन्या शहान्यानं त्याले मोबाइलवर बोलाले लावलं, न दौलतराव यूट्यूबवर भूताच्या गोष्टी सांगू लागला. हर गोष्टीखाली लिवलेलं राहे, 'शंभर टक्के खरी घटना'. एकबी खरी नव्हती. त्याचं त्याले काई वाटे नाई. वांग्याच्या भाजीत तिखट लागते तसं गोष्टीत झूट लागतेच, म्हने.

कोंडवाड्याची गोष्ट त्यानं उन्हाळ्यात सांगतली. मानोरा रोडनं, पुलाच्या पलीकडं, पळसाच्या झाडीत एक जुना कोंडवाडा. पह्यले कोनाचं ढोर दुसऱ्याच्या पिकात घुसलं का तेथी कोंडत. मालक ये, 'माह्यं हाय' म्हने, सोडवून ने. ज्याले कोनी माह्यं म्हने नाई, थे बेवारस. तर या कोंडवाड्यात म्हने भर दुपारी कोनी तरी इचारते, "कोनाचं हाय?" जो 'माह्यं' म्हनला तो अंदर. पुन्हा कोनाले दिसला नाई.

शेवट काई सुचला नाई, त्यानं तेथीच सोडून देल्ली. लोक तेवढ्यावरच पागल झाले.

मंग यूट्यूबवरच आला किशन. मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरचा गडी. काळं टीशर्ट, हातात भूत हुडकाचं, लाल-हिरवे दिवे लागनारं मशीन, न नावाखाली 'पॅरानॉर्मल इन्व्हेस्टिगेटर'. पह्यले त्यानं दौलतरावले फेकू म्हटलं. दौलतरावनं जवाब देल्ला, "तुह्या मशीनचा दिवा तं घरात मिक्सर लावला तरी पेटते रे बावा." लोक हासले. किशनले थे लागलं. मंग त्यानं पलटी मारली. म्हने, कोंडवाडा हायच, पन शोधला मी, जागा माही, पंक्चरवाल्यानं माह्यापासून चोरली.

लागली आग. याचे चेले त्याच्या व्हिडिओखाली, त्याचे चेले याच्या व्हिडिओखाली. शिव्या मायबहिनीवर गेल्या, मंग जातीवर. एकानं तं दौलतरावच्या बायकोचा, भागिरथाचा, फोटो टाकून खाली घान लिवलं.

"कायले नादी लागता त्याच्या?" भागिरथा म्हने. "सांगून टाका न का गोष्ट बनवेल हाय. त्याचं तोंड आपोआप बंद."

"अवो, मंग माह्या बाकी गोष्टीचं काय? लोक थुंकतीन."

येथीच घोडं अडलं होतं. किशनचं झूट उघडं पाडाचं तं पह्यले आपलं उघडं करा लागे.

एका दुपारी काळीपिवळी जीपीतून एक बाई उतरली न सिधी दुकानात आली.

"तुमीच का दौलत पंक्चरवाले?"

"हो बाई. गाडी कोठी हाय?"

"गाडी नाई. मी संगीता. किशनची बायको."

दौलतरावचा हात घमेल्यातच थांबला. "भांडाले आली असशीन तं घरी चाल. येथी लोक व्हिडिओ काढतीन."

"भांडाचं मंग पाहू. आठ दिवस झाले, थे कोंडवाड्याले गेले न आलेच नाई. पोलीस म्हनते, व्ह्यूजसाठी लपला असन. भाऊ, तुमाले जागा मालूम हाय. सांगा मले."

तिच्या आवाजात रडनं नव्हतं. रडनं संपून गेलं होतं.

"बाई, कोंडवाडा नाईच," दौलतराव हळूच म्हनला. "येथी या टायरवर बसून मी रचला थो."

तिनं मोबाइल पुढं केला. "मंग हे काय हाय?"

किशनचं लाइव्ह होतं. इतके दिवस झाले, पन लाइव्ह चालूच. मोबाइल भुईवर पडेल होता वाटते. चित्रात दगडाची भिंत दिसे, न एक फुटकी गव्हान. गव्हानीच्या फटीत हिरव्या लुगड्याचा बोळा कोंबला होता.

दौलतराव मोबाइलवर वाकला. गोष्ट सांगताना थे गव्हान त्याच्या डोळ्यापुढं होती, हिरव्या बोळ्यासकट. गोष्ट लांबते म्हनून तो बोलला नव्हता. भागिरथालेबी नाई.

संगीतानं व्हिडिओ मांगं नेला. किशन घामानं भिजेल, खूश. त्याच्या मांगून आवाज आला, "कोनाचं हाय?" भेव वाटावं असा आवाज नव्हता. रोज तेच इचारून कंटाळेल मानसाचा होता.

किशन मोबाइलकडं पाहून हासला. "ऐक रे पंक्चरवाल्या! माह्यं! माह्यं हाय हे सारं!"

मंग मोबाइल पडला. तवापासून फकत गव्हान.

दौलतरावनं टूब तशीच टाकली, मोटरसायकल काढली, संगीताले मांगं बसवलं. त्या रोडनं तो हजार खेपा गेला असन. पुलाच्या पलीकडं डाव्या हाताले रस्ता नव्हता. आज होता. बैलबंडीच्या चाकोऱ्या, मधात गवत, जसा काई सालोसाल वापरातला.

पळसाखाली गेले तं शेनाचा ताजा वास. ढोर एकबी नाई. पाखरू बोलत नव्हतं. मोटरसायकल बंद केली तं कानात दडे बसल्यावानी झालं.

कोंडवाडा जसाच्या तसा. भिंत त्यानं म्हटली होती तेवढीच, डोक्याच्या वर.

फाटकाच्या फटीतून आत किशन दिसला, गव्हानीपाशी बसेल, मान खाली. ढोर रवंथ करते तसं तोंड हालून राह्यलं होतं. तोंडात काई नव्हतं.

"अवो!" संगीता वरडली. "अवो, इकडं पाहा न!"

त्यानं पाह्यलं नाई.

तिनं फाटकाचं आडवं लाकूड ओढलं. हाललं नाई. दौलतरावनं जोर लावला. दगडात रोवल्यावानी.

"कोनाचं हाय?"

अगदी मांगून. मांगं कोनी नव्हतं.

संगीताचं तोंड उघडलं. दौलतरावनं तिच्या तोंडावर हात दाबला. 'माह्यं' म्हनलं का अंदर, हे त्यानंच रचलं होतं. सुटाचं कसं, हे रचलंच नव्हतं.

गव्हानीपाशी किशनचा मोबाइल पडला होता. लाइव्हचा लाल ठिपका पेटेल. आता जे बोलन थे सारे ऐकतीन.

"कोनाचं हाय?"

"कोनाचंच नाई!" दौलतराव वरडला. "झूट हाय हे! कोंडवाडा मी बनवला. माह्या साऱ्या गोष्टी बनवेल हाय. येथचं कोनीच कोनाचं नाई!"

आवाज आला नाई. लाकूड त्याच्या हातात अलगद निंघालं.

संगीता आत धावली, किशनचा हात धरला, त्याले उठवलं. तो उठला. ओढलं तसा चालला.

रोडवर आले तवा दौलतरावच्या खिशातला मोबाइल थरथरून राह्यला होता. शिव्या सुरू झाल्या असतीन. त्याले काई वाटलं नाई. नाव गेलं तं गेलं, मानूस भेटला. त्यानं किक मारली.

"बस वो बाई. किशनले मधात घे."

ती बसली नाई. किशनचा हात तिनं सोडला होता. ती दोन पावलं सरकून उभी होती, न डोक्यावरचा पदर तिनं तोंडापुढं ओढला होता.

"भाऊ," ती दबक्या आवाजात म्हनली, "माहा मानूस तं तेथी भेटला नाई. हा कोन हाय? न माह्या मांगं मांगं काहून येऊन राह्यला?"

दौलतरावनं किशनकडं पाह्यलं. तो रोडच्या कडेले बेवारस ढोरावानी मान खाली घालून उभा होता, कोनी कोनीकडं तरी हाकलन, याची वाट पाहत.