झिंगूच्या जाळ्यातून निसटलेल्या मासोळ्या

उन्हाळ्याच्या सुट्टीतला आंबे पाडायचा बेत उन्हानंच पाडला. रंभा, सत्यशीला आणि बिरजू तलावाच्या पाळीवर नुसते बसून होते.

आरमोरीजवळच्या त्या गावात ढिवरांची, म्हणजे मासेमारांची, एक रीत होती. तलाव आटला, की मधल्या डोहात कोणी जाळं टाकायचं नाही. तिथल्या मासोळ्या म्हणजे पुढच्या वर्षाचं बियाणं. यंदा कोणीतरी डोहच रिकामा केला होता. मासेमारी संस्थेचे अध्यक्ष गुणवंतराव यांनी चोर बसल्या जागी शोधला: रंभाचा बाप, झिंगू. आज बैठकीत त्याचं नाव संस्थेतून कटणार होतं. मग त्याला तलावही बंद.

"आमी खाऊ काय मंग?" रंभा म्हणाली.

सत्यशीलानं चिखलातली वाळकी मासोळी उचलली. बोटाएवढी. काठावर तशाच कितीतरी पडल्या होत्या. "एवढीशी कोन पकडते बे?"

"बाबाच्या जाळ्यातून तर हे नाचत निंगून जाईन," रंभा म्हणाली आणि थबकली.

"म्हंजे बारीक जाळंवाला चोर. पन तो सांगन काय?"

"मोठेपना मिरवाले भेटन तर सांगन," बिरजू म्हणाला.

उठवत नव्हतं, तरी तिघं उठले.

बैठकीत रंभानं बापाचं जाळं धरलं. सत्यशीलानं काठावरून वेचलेल्या मासोळ्या वरून ओतल्या. सगळ्या खाली.

"फाटकं असन," गुणवंतराव म्हणाले.

गृहपाठ राहिल्यावर करायचा चेहरा बिरजूनं केला. "हो न, भाऊ. या गावात चांगलं जाळंच नाई कोनापाशी."

"काऊन नाई? माह्यापाशी आहे. नागपूरचं, नायलॉनचं." अध्यक्षांनी ते स्वतः खांद्यावरून आणलं.

मासोळ्या ओतल्या. एकही पडली नाही. उलट ओतल्या त्याहून जास्त दिसल्या. आधी अडकलेल्या काही गाठींतच वाळल्या होत्या.

"भाऊ, याच्यातून पानी तरी जाते काय?" बिरजूनं विचारलं.

कोणी हसलं नाही. "बियानं खाल्लं तू, गुणवंता," मोहल्ल्यातली सगळ्यात म्हातारी सुगंधाबाई म्हणाली.

"तलाव कधी सरते काय, बाई? मासोळी येतच राह्यते."

"येत होती."

झिंगूचं नाव राहिलं. गुणवंतरावांचं जाळं पंचांनी ठेवून घेतलं. यंदा तलावात कोणीच उतरायचं नाही, असंही ठरलं.

"लेकरायनं डोकं चालवलं," सुगंधाबाई म्हणाली. "आपल्याले सुचलं नाई."

झिंगूनं रंभाच्या डोक्यावर हात ठेवला. "तलाव बंद, त उद्यापासून बिडीचा तेंदूपत्ता तोडाले जा लागते," तो म्हणाला. "तुमी तिघंबी या. एवढी हुशार मानसं जंगलात बी लागतेत."