गुडघाभर पाण्यातला दगड

माशांसाठीच्या काचेच्या टाकीवरची ट्यूब अजून पेटत होती, म्हणून ती संपली आहे हे घरात फक्त धनसिंगला पटलं होतं. ट्यूब जुनी झाली की तिच्या उजेडाचा रंग उतरतो, आपल्या डोळ्यांना ते कळत नाही, प्राणिशास्त्रात बी.एस्सी. केलेल्या माणसाला एवढं ठाऊक असतं. टाकीतल्या प्रवाळालाही ते कळलं असावं. ते आठवडाभर मिटून बसलं होतं.

प्रवाळ निंबाभाऊने आणलेलं. हा थोरला भाऊ गुजरातेत ओख्याला मच्छीमार बोटीवर डिझेल मेकॅनिक होता. ओहोटीच्या वेळी गुडघाभर पाण्यातून उचललेला, जिवंत प्रवाळ चिकटलेला नारळाएवढा दगड त्याने कॅनमध्ये घालून जळगावला आणला आणि तो परत गेला. पुढे बोट त्याच्याशिवायच किनाऱ्याला लागली. देह मिळाला नाही.

तेव्हापासून आई, यशोदाबाई, टाकीपाशी बसू लागली. तिन्हीसांजेला ट्यूब लावली की ती हात जोडायची, घरातल्या कुठल्याही दिव्याला जोडते तसे. लहानपणी निंबाही तिच्याशेजारी उभा राहून हात जोडायचा आणि ती "हात सोड आते, जेवाले ये" म्हणेपर्यंत सोडायचा नाही. धनसिंगला हे कधी जमलं नाही. त्याच्यासाठी दिवा म्हणजे दिवा.

"हाऊ बी जाई का रे?" आईने दगडाकडे बघत विचारलं.

"ह्याला नाही जाऊ देत, माय."

फुले मार्केटमधल्या युसूफभाईने काउंटरवर तीन ट्यूब मांडल्या: पांढरी, पिवळसर आणि निळी. निळी अमोनिया प्रिंटच्या मशीनची होती, घरांच्या नकाशांच्या प्रती काढतात त्या मशीनची.

"मासे काय नकाशे काढणार?"

"मासे नाहीत. दगड आहे."

"दगडाला ट्यूब," युसूफभाई म्हणाला. "सकाळचं पहिलं गिऱ्हाईक आहात, म्हणून ऐकून घेतो."

धनसिंगने तिन्ही घेतल्या. पाणी तेच, पंप तोच, बदलायची ती फक्त ट्यूब. पांढरीखाली प्रवाळ मिटलेलंच राहिलं. पिवळसरखाली आणखी आकसलं. निळी एकटी लावली तेव्हा मात्र ते वाटीएवढं फुललं आणि कडेचे बोटांसारखे तंतू पाण्यात हलू लागले.

आई हसली. धनसिंगला हसू येईना. समुद्र तांबडा, पिवळा उजेड वरच्यावरच गिळतो. खोलवर पोचतो तो निळा. गुडघाभर पाण्यात वाढलेल्या जिवाला हा उजेड पुरा कसा पडावा?

काही दिवसांनी प्रवाळ निळीखालीही मिटलं. त्याने ट्यूबखाली ट्रेसिंग पेपर लावून पाहिला. ते उघडलं. मग पुन्हा मिटलं. दुसरा कागद, मग तिसरा. दगड जागचा हलला नव्हता, तरी कुणीतरी खाली खाली चालल्यासारखा त्याचा उजेड कमी करत न्यावा लागत होता.

जगवायचं, एवढंच त्याने ठरवलं होतं. त्याने चौथा कागद लावला.

त्या संध्याकाळी आई आत भाकरी थापत होती. स्वयंपाकघरातून टाकी दिसत नसे. धनसिंगने बटण दाबलं. ट्यूब लुकलुकली, लागली.

प्रवाळाच्या दोन्ही बाजूंचे तंतू ताठ उभे राहिले. सावकाश मधोमध आले. टोकाला टोक लागलं.

त्याने ट्यूब बंद केली. खिडकीतून येणाऱ्या संधिप्रकाशात तंतू सुटताना दिसले. पुन्हा लावली. ते पुन्हा जुळले.

उजेडाला दिलेला प्रतिसाद, तो स्वतःशी म्हणाला. पाण्याची ओढ असेल, म्हणून पंप थांबवला. तंतू जुळलेलेच. काचेवर टिचकी मारली. जुळलेलेच.

आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

"हात सोड आते," आई सवयीच्या आवाजात म्हणाली, "जेवाले ये."

तंतू सुटले.

धनसिंगने पंप पुन्हा सुरू केला. मग प्रवाळ हळूहळू मिटू लागलं, तसा त्याने पाचवा कागद कापायला घेतला.