गडग्याबाहेरचा बाळाजी

चुन्याचा फटकारा थेट माझ्या ओढणीवर आला.

"सॉरी हां... मला वाटलं, इथे सगळे झोपलेलेच आहेत." क्रुसामागून आधी कुंचला दिसला, मग हसू दाबणारा चेहरा.

कोर्लईच्या दफनभूमीत नोव्हेंबरच्या मृतांच्या दिवसाआधी जो तो आपल्या माणसांच्या कबरी रंगवतो. हा इनास. अलिबागच्या शाळेत गणित शिकवतो. मी सुचिता, पालीची. रसायनशास्त्रात एमएस्सी.

"कुणाला शोधताय?"

"पणजोबांच्या भावाला. बाळाजी. इथल्या ख्रिस्ती मुलीशी लग्न केलं म्हणून घराने नाव टाकलं. बाबा म्हणतात, तो आमच्यासाठी मेला. मला बघायचंय, तो स्वतःसाठी कुठे मेला."

इनासने कुंचला बादलीत ठेवला. "मग मीही बघतो."

पुढचे रविवार आम्ही ओळीने दगड वाचत गेलो. तो वाकून अक्षरांवरची धूळ फुंकायचा. मी नावं वाचायची सोडून त्याच्या पापण्यांवर बसलेली धूळ बघायची. बाळाजी सापडेना... आणि मला त्याचं पुरेसं वाईटही वाटेना.

"सापडला की यायचं बंद?" एकदा त्याने विचारलं, दगडाकडेच बघत.

"आधी सापडू तर दे," मी म्हटलं. 'तुम्ही' कधी गळून पडलं, कळलंच नाही.

शेवटी फादरांनी दफनांची जुनी वही काढून दिली. नोंदी पोर्तुगीजमध्ये. इनासच्या घरची बोली त्यातूनच आलेली, त्यामुळे तो अडखळत वाचू लागला. "बाळाजी... बाप्तिस्मा न घेतलेला... गडग्याबाहेर."

आणि आम्ही इतके दिवस दगडी कुंपणाच्या आतच शोधत होतो.

गडग्यापलीकडे निवडुंगात एकच दगड होता, पांढराशुभ्र. इनास थबकला. "हा? ह्याला तर दर वर्षी आम्हीच चुना लावतो. कुणाचा ते माहीत नाही. माय म्हणते, बाहेरच्यालाही कुणी हवं."

इतक्या वर्षांच्या मायेने अक्षरं पार बुजली होती. मी जवळच्या घरून लिंबं मागून आणली.

"लिंबू पिळायला कबर म्हणजे कोळंबी वाटली का तुला?"

"खाली काळा दगड आहे, त्याला काही होत नाही. चुना तेवढा विरघळतो. पीळ गप."

बारीक फेस आला. त्याची बोटं, माझी बोटं – एकाच खाचेत. 'बाळाजी' उमटलं. खाली अजून काहीतरी होतं. 'मारियाना'.

"ही तर आमच्यातली," इनास हळूच म्हणाला. "हिला आत जागा होती."

"तरी बाहेर आली."

त्याने मोबाइलवर दगडाचा फोटो काढला. "बाबांना फोटो दाखव. मग आपलंही... म्हणजे... मानतील कदाचित."

"आपलं काय?"

त्याचे कान लाल झाले. "तुला माहितीये."

"तरी सांग."

"तू आवडतेस मला. दर रविवारी परत जातेस, ते नाही आवडत."

"मलाही नाही आवडत," मी म्हटलं. "पण फोटो दाखवून परवानगी मागायची नाही. ह्या दोघांनी कुणाचा दाखला दिला होता?"

मी तिथूनच फोन लावला.

"बाबा, बाळाजी सापडला. बायकोशेजारी आहे."

"त्याचं नाव ह्या घरात काढायचं नाही, सांगितलंय ना?"

"मी काढणार. आणखी एक नाव आहे, इनास. मला तो आवडतो. रविवारी त्याला जेवायला आणतेय."

 मग बाबांचा कोरडा आवाज. "आणि मी दार नाही उघडलं तर?"

मी इनासचा चुन्याने माखलेला हात धरला.

"तर ओटीवर बसून जेवू, बाबा. दोघंही."