अंगण वाकडंच होतं!

"बाहेर!" सर ओरडले. "पाय, भिंगरी, पाय! पाय मागे राहतात, म्हणून चेंडू लांब जातो!"

भिंगरीने रॅकेट आपटायचंच बाकी ठेवलं. सकाळपासून पंधरावा चेंडू बाहेर! आज संध्याकाळी शाळेचा टेनिस संघ ठरणार होता. सुट्टीभर घाम गाळला तो काय बाहेर बसून टाळ्या वाजवायला?

"माझा एकही बाहेर नाही!" ढब्बू म्हणाला.

"तुझे जाळ्याच्या पुढे जातील तेव्हा ना!" ती खेकसली. "सर, पलीकडून इकडे मारलेले माझे सगळे आत पडतात, मग…"

"नाचता येईना अंगण वाकडं! चला, पावलं मोजा!"

मागच्या रेघेपासून जाळ्यापर्यंत छोटी छोटी पावलं टाकत मोठ्याने मोजायची, हा सरांचा लाडका व्यायाम. अलीकडे भिंगरीची एकवीस भरली. पलीकडे वीस!

"मोजता तरी येतं का?" सर वैतागले.

तिने पुन्हा मोजली. वीसच! आता मात्र तिचं डोकंच फिरलं.

"पाय तेच, मग एक पाऊल गेलं कुठे?" चष्मीस पुटपुटली. "अगं, पलीकडची रेघ सरांनी परवाच नव्याने मारली ना?"

तिघं सामानाच्या खोलीत धावली. ढब्बूने मोजायची टेप उलगडली आणि तो किंचाळलाच. टेपचं तोंड तुटलेलं! पहिला आकडाच दोन फुटांचा! सरांनी परवा कानाला फोन लावून, न बघताच हीच टेप ओढली होती.

"सांगून ऐकतील का ते?" भिंगरी म्हणाली. "त्यांनाच मोजू दे!"

"सर, आम्हाला काही जमत नाही," ती कोर्टावर येऊन गरीब चेहऱ्याने म्हणाली. "तुम्हीच दाखवा ना!"

सर ऐटीत निघाले. अलीकडे अठरा. पलीकडे सतरा! ते थबकले, परत मागे गेले, परत मोजलं. सतराच! चष्मीसने टेपचं तुटलेलं तोंड पुढे केलं.

"अरे देवा! दोन फूट खाल्ले की मी!"

"माझे पाय मागे नव्हते सर," भिंगरी म्हणाली. "रेघच पुढे होती!"

सरांनी कान पकडले. "चुकलो गं. अंगण वाकडंच होतं! शाबास तिघांची! आणि संघात पहिलं नाव तुझं." त्यांनी बुटाने रेघ पुसली, दोन फूट मागे स्वतः पांढरी फक्की ओतली आणि चेंडू टाकला.

भिंगरीने सगळा राग त्या फटक्यात काढला. चेंडू नव्या रेघेच्या वीतभर अलीकडे पडला.

"आत!" सर गरजले. "पण पाय, भिंगरी, पाय!"