मागची सायकल

वर्षालीच्या सायकलची चेन उतरली ती नेमकी नितेशच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानासमोर. आता याला योगायोग म्हणायचं की आणखी काही, ते तुम्हीच ठरवा!

"चेन उतरली का?" त्यानं विचारलं.

"नाई... हवा खायले थांबली."

"मंग खा. मी दुकान बंद करून राहिलो."

पण शटर ओढायचं सोडून तो खाली बसला. चेन चढवली, घट्ट केली आणि काळे हात पुसत हळूच म्हणाला, "रोज नऊले एकटीच जातं?"

वर्षाली नांदगाव खंडेश्वरची. अमरावतीत कापडाच्या दुकानात कामाला, मावशीकडे राहायला. वाटेत अर्धा किलोमीटर मिट्ट काळोख. वडिलांनी, शालिकरामजींनी, बजावलेलंच होतं, "रात्रीचं काई कानावर आलं, का तुले घरी आनलं समज." पोरगी काही कमी नव्हती. तिनं आसपासच्या दुकानांतल्या मुली जमवल्या. आधी तिघी, मग अकरा. सगळ्यांनी मिळून निघायचं, मोठ्यानं गाणी म्हणत काळोख ओलांडायचा, एकेकीला दारापर्यंत सोडायचं.

नितेशनं अकराही सायकलींना दिवे बसवले. वर्षालीच्या सायकलला दोन.

"दोन कावून?"

"तू दुरून दिसली पायजे..."

"कोनाले?"

तो पाना उचलायला खाली वाकला. कान मात्र लालेलाल! त्या रात्री वर्षालीला झोप कसली येते?

दिवाळी सरली आणि टोळीच्या मागे एक सायकल येऊ लागली. दिवा नाही, घंटी नाही, नुसती पायडलची कुरकुर. मुली थांबल्या की तीही थांबे. आकांक्षानं घरी सांगितलं, तिचं काम सुटलं. मग दामिनीचं. महिन्याभरात अकराच्या चार राहिल्या. बोभाटा होऊन बाबांच्या कानावर जाईल या धास्तीनं वर्षालीनं नितेशलाही सांगितलं नाही.

एका रात्री बाकीच्या घरी पोचल्यावर पुन्हा ती कुरकुर आली. वर्षालीनं सायकल गर्रकन वळवली आणि उजेड थेट त्या तोंडावर पाडला.

"नितेश... तू?"

"तुमाले काई होऊ नये म्हनून येतो मी रोज. पोरी कमी झाल्या, तं आनखी जवळून."

"अन् दिवा कावून बंद?"

"लोकं तुले नावं ठेवतीन ना... का हिच्या मांगं पोरगा फिरते."

वर्षालीला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. "अरे, ज्याले भेऊन सात जनी घरी बसल्या, तो तू होता!"

नितेशचा चेहरा उतरला. हँडल धरून तो म्हणाला, "माह्या मनात तुह्याबद्दल..."

"ठाऊक हाय मले. माह्याही मनात तेच हाय." तिनं डोळे पुसले. "पन तू सातही घरी जाऊन खरं सांग. त्याइले कळू दे, का रस्त्यावर चोर नवता."

"तुह्या बाबालेही कळीन."

"कळू दे."

तो गेला. सात दारांत हात जोडून उभा राहिला. कुणी शिव्या घातल्या, कुणी पाणी दिलं. दामिनी परतली, आणखी चौघी परतल्या, एकीला घरच्यांनी सोडलं नाही. आकांक्षाचं लग्न मात्र मूर्तिजापूरला ठरून गेलं होतं, ती कशाची येते! आणि सात घरांत गेलेली गोष्ट आठव्या घरी जायला कितीसा वेळ लागतो? चौथ्या दिवशी शालिकरामजी दारात.

"एक पोरगा रोज तुह्या मांगं असते, अन् तू बापाले सांगत नाई?"

तिनं कपड्यांची पिशवी भरली. दुपारच्या बसनं दोघं नांदगावला निघाली.

आठवड्यानं दामिनीचा फोन आला. "आज आमी आठ जनी होतो वं. मांगं कोनी नवतं, बिनधास्त आलो."

"अन् तो?"

"तो काळोखाच्या तोंडाशी कंदील लावून उभा राह्यते. साऱ्या गेल्यावरही जात नाई. तुही वाट पायते, पगला."

पलीकडे आई भाकरी थापत होती. वाट पाहू नको म्हणावं, असं सांगायचं वर्षालीनं पक्कं ठरवलं होतं. चार रात्री घोकलंही होतं.

"दामिनी... त्याले सांग," ती हलकेच म्हणाली, "थंडी हाय, कानाले रुमाल बांधून उभा राह्यजो."