अडकलेला विसार

"माझ्या बहिणीचा विसार मी अडवला नाही, एवढं सिद्ध करून द्या," खुर्चीवर टेकायच्या आत ती बाई म्हणाली. "फी तुम्ही म्हणाल ती."

ती हे चिमटाबाईंना म्हणाली. दाराजवळची मोठी खुर्ची वकिलांची होती आणि बाहेरच्या पाटीवर दोघांची नावं सारख्याच अक्षरांत होती. तरी येणारा प्रत्येक माणूस वकिलांना वळसा घालून सरळ चिमटाबाईंसमोर जाऊन बसायचा. वकिली कधी चालली नाही म्हणून वकील या तपासाच्या धंद्यात भागीदार झाले होते, आणि इथेही लोक त्यांना कारकून समजत. त्यांनी पेनाचं टोपण जरा जोरातच काढलं.

चिमटाबाई हे नाव लोकांनी पाडलेलं. भाताच्या ढिगातून खडा उचलावा तसा त्या माणसाच्या बोलण्यातून नेमका शब्द उचलत.

"सुरुवातीपासून सांगा," त्या म्हणाल्या.

बाईची कवळ्या बनवायची लॅब होती. दवाखान्यांतून जबड्यांचे साचे यायचे, इथून दात जायचे. धाकटी बहीण तिच्याकडेच कामाला होती, आणि तिचा हात असा की तिने लावलेले दात खोटे वाटत नसत. रस्त्यापलीकडचा म्हातारा कारागीर धंदा बंद करत होता. यंत्रांसकट त्याची जागा धाकटीला घ्यायची होती. व्यवहार म्हाताऱ्याच्या परदेशातल्या मुलाच्या हातात. त्याला विसार बिटकॉइनमध्ये हवा होता, आणि अट एकच: मंगळवारी दुपारी बारापर्यंत ज्याचे पैसे पक्के होतील, जागा त्याची.

"धाकटीकडे बिटकॉइन होते?"

"परदेशातल्या एका क्लिनिकची वरकड कामं करते ती. तिकडून तेच येतात. मंगळवारी सकाळी तिने पाठवले आणि बारापर्यंत ते पक्के झालेच नाहीत. संध्याकाळी झाले, तेव्हा मुलाने परत पाठवून दिले. जागा गेली आमच्याकडेच कवळ्या घासणाऱ्या पॉलिशदादाला. त्यानेही भरले होते."

"आणि बहीण म्हणते, तुम्ही घोळ घातलात."

"आदल्या दिवशी तिचा फोन माझ्या टेबलाशेजारच्या फळीवर पडून होता. म्हणते, ताई, तूच काहीतरी केलंस, मी जायला नको होतं तुला. त्या दिवसापासून माझ्या शेजारी बसून दात लावते आणि शब्द बोलत नाही." थोरलीने खुर्ची पुढे ओढली. "हा प्रकार मला नवा नाही हो. मागे मी बाहेरून दात मागवले, तेव्हा माझेही पैसे असेच मध्येच लटकले होते. वाट कोण बघतंय? फी वाढवली, सुटले. लॅब काय उगाच चालवते मी? पण दुसऱ्याच्या फोनला हात लावणारी मी नव्हे."

"बहिणीचा हेवा वाटायचा का तुम्हाला?" वकिलांनी मध्येच विचारलं. प्रश्न बिनतोड आहे असं त्यांचं स्वतःचं मत होतं.

"सख्खी बहीण आहे माझी," थोरली म्हणाली. तेही चिमटाबाईंकडे बघून.

ती गेल्यावर चिमटाबाईंनी तो व्यवहार संगणकावर काढला.

"इथे लपवाछपवी नसते, वकीलसाहेब. चौकातल्या फळ्यासारखं सगळं उघडं. पैसे पाठवले की ते रांगेत उभे राहतात. पाठवणाऱ्याने जास्त फी ठेवली असेल तर त्याचे आधी आत घेऊन पक्के करतात, कमी ठेवली तर बसा वाट बघत. धाकटीच्या विसारावरची फी बघा."

"अगदी तळाला आहे."

"हे आपल्या दोघांत. फीचा फ कुणासमोर काढायचा नाही."

"मी काय गावभर सांगत सुटतो?" वकील दुखावले.

दोघं लॅबमध्ये गेले, तेव्हा भिंतभर प्लॅस्टरचे जबडे मांडलेले होते, आ वासून. धाकटी मेणात एकेक दात बसवत होती. दात सरळ रेषेत बसवून झाल्यावर तिने एक मुद्दाम किंचित तिरका केला. त्याबरोबर ती कवळी कुणाचीतरी झाली. आतल्या खोलीच्या दारातून थोरली तिच्या बोटांकडे बघत होती, आणि दोघांकडे लक्ष जाताच आत गेली.

"फोन दाखवता?" चिमटाबाईंनी विचारलं.

धाकटीने फोनवर अंगठा लावला. उघडेना. पुन्हा लावला. शेवटी तिने आकडे दाबले.

"बोटांचे ठसे प्लॅस्टरने झिजलेत. लॅबमध्ये सगळ्यांचेच. घरी असले की नवरा उघडून देतो, त्याचा अंगठा चालतो. इथे आकडा."

"आकडा कुणाकुणाला माहीत आहे?"

"सगळ्या लॅबला. हात भरलेले असले की मीच ओरडून सांगते."

वकिलांनी भुवया उंचावल्या.

"पैसे पाठवताना काय काय करता?"

"पत्ता टाकते, रक्कम टाकते, पाठवते. एवढंच. फोनमध्ये कुणीतरी काहीतरी सोडलंय हो! आदल्या संध्याकाळी घरी गेल्यावर मी थोडेसे पाठवून बघितले होते. चहा गार व्हायच्या आत पक्के झाले. सकाळी उठून घरूनच पूर्ण विसार पाठवला आणि कामाला आले, तर हे बसले लटकून."

"मग बारापर्यंत काय केलंत?"

"काय करणार? फोनकडे बघत बसले. ताई सारखी मागे येऊन उभी राहायची. खांद्यावरून बघायची, पाठीवरून हात फिरवायची. म्हणायची, येतील गं, आपल्या हातात काय आहे?" धाकटीने मेणाची सुरी खाली ठेवली. "मला तेव्हा किती बरं वाटलं होतं, माहितीये? म्हणून तर जास्त राग येतो."

पॉलिशदादा मागच्या बाजूला फिरत्या चाकावर कवळी घासत होता. तोंडावरचा रुमाल खाली करून तो म्हणाला, "जागा मी घेतली, चोरली नाही. मीही त्याच सकाळी पाठवले. दाढी उरकेपर्यंत पक्के. तिचे का अडकले, मला काय ठाऊक?"

"तिचा हेवा वाटायचा?" वकील पुन्हा सरसावले.

"वाटायचा की. घासून घासून चकाकी मी आणायची आणि दवाखानेवाले विचारणार, दात तिनेच लावलेत ना? आता जागा मिळाली, तरी पहिल्याच फोनवर तोच प्रश्न: ती आहे ना तुमच्याकडे?" तो कडू हसला. "जागा घेऊन काय चाटू?"

धाकटीचा नवरा दातांचं सामान विकायचा. खोक्यांनी भरलेल्या गाळ्यात त्याने दोघांना बसायला दिलं आणि वकिलांना 'साहेब' म्हटलं. वकिलांना तो तिथेच आवडला.

"बायको मालकीण होणार म्हणून मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो, साहेब. हे बिटकॉइन बिटकॉइन मला ओ की ठो कळत नाही. पण मला विचाराल, तर दोन पैसे फी वाचवायला गेली असेल. काटकसरी आहे फार! मी म्हणतही होतो, एवढी घाई काय? ताईंकडे काय वाईट चाललंय?" तो खोक्यावरची धूळ पुसत हसला. "उद्या मी तिच्याच दारात ऑर्डर मागत उभा राहणार आणि ती आत खुर्चीत! गंमत आपली."

रस्त्यावर आल्यावर वकील म्हणाले, "साधा माणूस आहे. काम थोरलीचंच. फोन तिच्या फळीवर, आकडा तिला माहीत, आणि जळते ती. मी लिहून देतो."

"थोरलीबद्दल तुम्ही अगदीच चुकला नाहीत," चिमटाबाई म्हणाल्या.

कधी नव्हे ते हे ऐकायला मिळाल्यामुळे वकील घरापर्यंत ताठ मानेने चालले.

दुसऱ्या दिवशी काम संपल्यावर सगळे लॅबमध्ये जमले. थोरली तिच्या टेबलाशी, धाकटी तिच्यापासून तोंड फिरवून, शेजारी तिचा नवरा. पॉलिशदादा दाराला टेकून उभा होता.

"चोराला पैसे हवे असतात," चिमटाबाईंनी सुरुवात केली. "इथे एक पै गेली नाही. विसार धाकटीकडे परत आला. म्हणजे करणाऱ्याला पैसे नको होते, उशीर हवा होता. धाकटीचं नुकसान एवढाच त्याचा नफा."

"नेटवर्क तुंबलं असेल," नवरा म्हणाला.

"पॉलिशदादांचे त्याच सकाळी दाढी उरकेपर्यंत पक्के झाले. रांग चालू होती. धाकटीचा विसार मागे राहिला, कारण तिच्या फोनमध्ये कुणीतरी सगळ्यात कमी फी ठरवून ठेवली होती; पुढे पाठवलेल्या पैशांना तीच लागते. ती कधी ठेवली? आदल्या संध्याकाळी धाकटीने घरून थोडे पाठवले, ते लगेच पक्के झाले. म्हणजे तोवर फी नीट होती. दिवसभर फोन लॅबच्या फळीवर पडून होता, पण तेव्हा त्याला कुणी हात लावला नव्हता. सकाळी पूर्ण विसार गेला, तोही घरूनच. मधल्या वेळात फोन कुठे होता?"

धाकटी हळूच नवऱ्याकडे वळली.

"लॅबमधल्या कुणाचाही अंगठा चालत नाही. घरच्या एकाचा चालतो."

"मला त्यातलं काही कळत नाही, सांगितलं ना!"

"सांगितलंत. आणि त्याच दमात म्हणालात, ती फी वाचवायला गेली असेल. तुमच्या बायकोला फी नावाचं काही असतं हेच माहीत नव्हतं. तिला वाटत होतं, फोनमध्ये कुणी काहीतरी सोडलंय. आम्ही फीचा शब्द काढला नव्हता. तुम्हाला तो कुठून सुचला?"

नवऱ्याने खोटं हसायचा प्रयत्न केला. तो जमला नाही.

"तू केलंस?" धाकटीने विचारलं.

"मग काय करू?" तो एकदम ओरडला. "जिथे जातो तिथे तुझं नाव! माझी ओळख काय, तर तिचा नवरा! उद्या तुझ्या दारात पिशवी घेऊन उभा राहू? माझा जीव जळायचा गं. तू झोपलीस आणि मी... नुसता उशीर केला. एक पै घेतली का?"

धाकटी उठली, टेबलाला वळसा घालून थोरलीपाशी गेली आणि तिच्या गळ्यात पडली. "ताई, मी तुला काय काय बोलले! माफ कर मला."

थोरलीने तिला जवळ घेतलं. धाकटीच्या खांद्यावरून तिने चिमटाबाईंकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली. आता पुरे, असं ती सांगत होती.

"माझी फी ताई देणार आहेत, म्हणून पुढचं बोलणं जिवावर येतंय," चिमटाबाई म्हणाल्या. "पण अर्धी कवळी कुणी तोंडात घालत नाही. वकीलसाहेबांनी ताईंना पहिल्याच दिवशी विचारलं होतं, बहिणीचा हेवा वाटायचा का? ताईंनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. नातं सांगितलं. प्रश्न वकीलसाहेबांचा, आणि सगळ्यात चांगला तोच होता."

वकिलांना आनंद झाला आणि लगेच त्याची लाज वाटली.

"ताईंचे पैसे एकदा असेच लटकले होते. फी वाढवली, सुटले, असं त्यांनीच मला सांगितलं. अडकलेल्या पैशांवर मागाहून फी वाढवता येते. त्या सकाळी धाकटीच्या खांद्यावरून त्या फोन बघत होत्या. बारा वाजायला भरपूर अवकाश होता. एक वाक्य बोलायचं होतं."

धाकटीने मिठी सोडली. मागे सरून ती बहिणीच्या तोंडाकडे बघत राहिली.

"तू म्हणालीस, आपल्या हातात काय आहे."

थोरलीचे ओठ हलले. "मी केलं नाही गं. मी फोनला हात लावला नाही."

"ताई, तुला येत होतं?"

"येत होतं," थोरली म्हणाली. मग तिला थांबवेना. "पाटी माझी, भाडं मी भरते, आणि लोक येतात तुझ्यासाठी! आईसुद्धा तुझ्याच हाताचं कौतुक करत गेली. तू समोर गेलीस की माझ्याकडे उरतात हे प्लॅस्टरचे जबडे. बारा वाजले ना, तेव्हा मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? फार बरं वाटलं."

धाकटीने तिची मेणाची सुरी फडक्याने पुसली आणि ॲप्रनच्या खिशात टाकली. नवऱ्याने वाट अडवली, तेव्हा ती त्याच्याकडे न बघता बाजूने गेली. दारात पॉलिशदादा होता.

"समोर टेबलं दोन आहेत," तो अवघडून म्हणाला. "विसार दोघांत वाटून घेऊ. मला घासता येतं. कवळीला हसवता येत नाही."

"खिडकीजवळचं टेबल माझं," धाकटी म्हणाली. दोघं रस्ता ओलांडून गेली. नवरा थोडा वेळ दारात घोटाळला आणि दुसऱ्या बाजूला निघून गेला.

थोरली धाकटीच्या रिकाम्या स्टुलाकडे बघत होती. मग तिने फोन काढला.

"तुमची फी. बिटकॉइन चालतील?"

चिमटाबाईंनी पत्ता दिला. थोरलीने आकडे दाबले, मध्ये एका ओळीवर क्षणभर थांबून काहीतरी वर सरकवलं, आणि पाठवलं. कुणी निरोप घेतला नाही.

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर चिमटाबाईंचा फोन वाजला. वकिलांनी मान लांब करून पाहिलं.

"आले? आणि पक्केही झाले? इतक्यात?"

"होणारच," चिमटाबाई म्हणाल्या. "त्यांना येतं ते."