पेटीवाला वेळेवर उठत नाही

दोन वाजले की उठायचं. एवढी साधी गोष्ट, पण त्या पेटीवाल्याच्या डोक्यात शिरेल तर शपथ!

चर्चची इमारत इथल्या मूळच्या लोकांची. सकाळी त्यांची उपासना, बारा ते दोन पेटीवाल्याच्या मंडळीची, दोननंतर आमची. पेटीवाल्याची माणसंही आमच्यासारखीच पोटामागे परमुलखात आलेली. देश वेगळा, भाषा वेगळी. ती सगळी निघून जायची आणि हा बाबा मात्र सव्वादोनपर्यंत पेटीला चिकटलेला. एरवी लिफ्ट दुरुस्त करतो म्हणे. जगाला वर-खाली नेतो, स्वतःला जागचं हलता येत नाही!

माझी नात नर्स. खुर्च्या मांडायला म्हणून मला घेऊन लवकर यायची. पन्नास खुर्च्यांना असा किती वेळ लागतो? तिला लागायचा. दोघं इथल्या भाषेत बोलायची. चौथी शिकलेल्या म्हातारीला काय कळतंय, असं वाटायचं त्यांना.

"वेळ झाली," ती म्हणायची.

"तुमचं घड्याळ पुढे आहे."

"घड्याळ बरोबर आहे. तुम्हीच मागे राहता."

"मागे राहतो, म्हणून तर तुम्ही भेटता..."

मग ती एकच खुर्ची तीनदा सरळ करायची. कान लाल!

"तुमच्या आजी बघतात, की नजरेनं झाडू मारतात?"

"झाडूच. अजून खराटा कुठे बघितलाय तुम्ही!"

हसू मलाही आलं, खोटं कशाला बोलू. पण घरी गेल्यावर बजावलं, "नवरा आपल्यातलाच हवा. सासूनं मला दिलेलं गाणं कुठल्या पुस्तकात नाही, एकट्या माझ्या गळ्यात आहे. तुझ्या पोरांना आपली भाषा आली नाही, तर माझ्यामागे ते गाणार कोण?"

ती एवढंच म्हणाली, "तू हो म्हटल्याशिवाय मी त्याला हो म्हणणार नाही, आजी."

पुढच्या रविवारपासून खुर्च्या पाच मिनिटांत मांडून व्हायला लागल्या... तेच मला जास्त लागलं.

आणि एका रविवारी प्रभुभोजनाआधी मी नेहमीसारखी उभी राहिले, गाणं धरलं. दोन कडवी झाली. तिसऱ्याला चाल वर चढते — आणि डोकं कोरी पाटी! शब्द नाही, सूर नाही. पाळकसाहेब भाकरीच्या ताटाशी थांबलेले. नातीनं माझं कोपर धरलं.

मागचं दार वाजलं. पेटीवाला! ओला कोट तसाच अंगावर. सरळ जाऊन पेटीवर बसला आणि तिसऱ्या कडव्याची चाल धरली... सासूची ती मुरकी, तिची श्वास घ्यायची जागासुद्धा! आमचा एक शब्द ज्याला येत नाही, त्याच्या बोटांत माझी सासू येऊन बसली होती. सर्रकन काटा आला अंगावर. शब्द आपोआप ओठांवर आले. मी गायले, माझ्यामागून एकेक ओळ उचलत नात गायली, पोरंटोरंही. एवढी वर्षं मी आमची ठेव मुठीत आवळून बसले होते, आणि परमेश्वरानं ती कुणाच्या हाती सांभाळायला दिली होती, बघा!

उपासना संपल्यावर नातीला विचारलं, "ह्याला कसं ठाऊक?"

"वर्षभर बाहेर जिन्यावर बसून ऐकतो, आजी. मी बोलणं टाकलं तरी बसतोच. त्याच्या आजीचंही असं एक गाणं होतं म्हणे. देश सोडताना कुणी शिकून घेतलं नाही... ते गेलं."

तो समोर येऊन उभा राहिला, नजर घड्याळाकडे. "माफ करा, ही वेळ तुमची आहे..."

मी त्याचं मनगट धरलं आणि त्याला परत पेटीसमोर बसवलं. सुनावलं ते आपल्याच भाषेत. कळायचं ते नातीच्या तोंडाकडे बघून कळलं असतं.

"ऐक रे पेटीवाल्या. दोन वाजता उठणं तुला कधी जमलं नाही, आता जमवूही नकोस. बस इथंच, आमच्यात. आणि शब्द शिकून घे हिच्याकडून. नुसत्या चालीवर मी कुणाला नातजावई करून घेत नाही!"